उबुंटू नेटवर्कवर सुरक्षित कसं करावं: आधी उघडे पोर्ट बघा, मग फायरवॉल

उबुंटूसोबत यूएफडब्ल्यू हा फायरवॉल (नको ती नेटवर्क कनेक्शन्स अडवणारा प्रोग्राम) २००८ च्या ८.०४ आवृत्तीपासून येतो, पण तो बंद असतो. हा निष्काळजीपणा नव्हे. ताज्या उबुंटूवर बाहेरची कनेक्शन्स स्वीकारणारं जवळजवळ काहीच चालू नसतं, मग अडवायचं काय? भानगड पुढे सुरू होते. आज एसएसएच (लांबून मशीनमध्ये शिरण्याची सेवा) बसवलं, उद्या डेटाबेस, परवा कुठल्याशा व्हिडिओत बघून डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन). वर्षभरानं मशीनवर कोणकोणते पोर्ट (सेवांची क्रमांकित दारं) उघडे आहेत ते मालकालाही सांगता येत नाही. म्हणून आधी बघायचं, मग नको ते बंद करायचं आणि फायरवॉलला हात त्यानंतर लावायचा.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.)

१. काय ऐकतंय ते बघा

सुडो एसएस -टीयूएलपीएन

यातला ‘लोकल ॲड्रेस’ रकाना महत्त्वाचा. पत्ता १२७ ने सुरू होत असेल तर ती सेवा फक्त त्याच मशीनपुरती आहे, तिची चिंता नको. ०.०.०.०, तारांकन किंवा चौकोनी कंसात दोन अपूर्णविराम दिसले, तर ती सेवा सगळ्या नेटवर्कसाठी खुली आहे. अशा प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे मला लागतं का?

सप्टेंबर २०२४ मध्ये छपाईच्या कप्स-ब्राउज्ड या सेवेतली त्रुटी उघड झाली, तेव्हा ती ६३१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर कुणाचंही ऐकत असल्याचं कळलं. ज्या सर्व्हरला प्रिंटर कधी जोडलाच नाही, तिथे ही सेवा हवी कशाला? सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ, पुढे सेवेचं नाव, की काम झालं.

२. एसएसएचचा पासवर्ड बंद करा

सार्वजनिक पत्त्यावर २२ नंबरचा पोर्ट उघडा असेल तर पासवर्डचे अंदाज लावणारे बॉट येणारच. पोर्टचा नंबर बदलल्यानं लॉगमधली गर्दी कमी होते. सुरक्षा वाढते असं मी म्हणणार नाही. खरा उपाय म्हणजे ‘की’ (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली).

आपल्या लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ चालवा, मग एसएसएच-कॉपी-आयडी वापरून ती ‘की’ सर्व्हरवर पाठवा. चालू टर्मिनल तसंच ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतं का ते पाहा. जमलं, तरच ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ ही सेटिंग करा.

पुष्कळ जण इथेच फसतात. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये ‘नो’ लिहितात आणि पासवर्ड चालूच राहतो. कारण एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरातल्या फाइल आधी वाचल्या जातात आणि पहिली सापडलेली किंमत ग्राह्य धरली जाते. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर तिथे अनेकदा ५० ने सुरू होणारी एक फाइल बसलेली असते आणि तिच्यात ‘येस’ असतं. तुमची सेटिंग १० ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये, त्याच फोल्डरात ठेवा. नाव .कॉन्फ नं संपलं पाहिजे. मग एसएसएच सेवा रीस्टार्ट करा आणि सुडो एसएसएचडी -टी (इथला ‘टी’ मात्र मोठा) चालवून प्रत्यक्षात काय लागू आहे ते वाचा.

३. आता फायरवॉल

सुडो यूएफडब्ल्यू लिमिट एसएसएच
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

क्रम उलटा केलात तर दूरच्या सर्व्हरवर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल. ‘लिमिट’मुळे एकाच पत्त्यावरून ३० सेकंदांत सहा किंवा जास्त कनेक्शन्स आली की तो पत्ता अडवला जातो. वेबसाइट असेल तर ८० आणि ४४३ ‘अलाऊ’ करा. डेटाबेसचा पोर्ट उघडू नका. डेटाबेस लांबून पाहायचा असेल तर एसएसएच टनेल (एसएसएचमधून जाणारा सुरक्षित मार्ग) आहे.

डॉकर वापरत असाल तर यूएफडब्ल्यूवर विसंबू नका. डॉकर स्वतःचे नियम थेट कर्नलच्या फायरवॉलमध्ये घालतो आणि प्रकाशित केलेल्या पोर्टकडे जाणारी पॅकेट्स यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाहीत. यूएफडब्ल्यूच्या ‘स्टेटस’मध्ये सगळं बंद दिसतं, पण ५४३२ वरचा पोस्टग्रेस डेटाबेस जगाला खुला असतो. डॉकरला पोर्ट देताना आधी पत्ता लिहा: -पी १२७.०.०.१:५४३२:५४३२.

खात्री बाहेरूनच होते. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि आपल्याच सर्व्हरवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) चालवा.

४. अपडेट

सुरक्षेची अपडेट उबुंटू स्वतःहून बसवतो, मात्र नवा कर्नल रीस्टार्टशिवाय लागू होत नाही. /व्हार/रन मध्ये रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल दिसली की टाळाटाळ नको. उबुंटूच्या २०.०४ आवृत्तीवर अजून असाल, तर तिचा नेहमीचा पाठिंबा २०२५ मध्येच संपला आहे. सर्व्हरवर नेहमी एलटीएसच (दीर्घकाळ पाठिंबा मिळणारी आवृत्ती) ठेवा, नव्याचा मोह नको: मार्च २०२४ मध्ये सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम पेरलेलं मागचं दार (बॅकडोअर) सापडलं, तेव्हा ते डेबियन आणि फेडोरा या इतर लिनक्स प्रणालींच्या चाचणी शाखांपर्यंत पोचलं होतं, उबुंटूच्या एलटीएसपर्यंत नाही.