जुन्या रेकॉर्डिंगला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

वडिलांनी रेडिओवरून टेप केलेल्या शास्त्रीय गाण्याच्या तीसेक कॅसेट ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या कपाटात आहेत. गेल्या वर्षी त्या संगणकावर उतरवायला घेतल्या आणि पहिल्याच कॅसेटची मी पुरती वाट लावली.

ऑडॅसिटी या आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढायला आधी नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो. मी ख्यालाच्या सुरुवातीचे पाच सेकंद दिले. गायक अजून गप्प होता, पण तानपुरा वाजत होता! सॉफ्टवेअर बिचारं काय करणार, त्याने तानपुराच खरखर समजून पुसून टाकला. उरला तो पाण्याखालून गातोय असा आवाज, आणि बायको म्हणाली, "अहो, यांना सर्दी झालीय का?" नमुना घ्यायचा तो तानपुरा सुरू होण्याआधीच्या कोऱ्या टेपचा. आणि खरखरही जपून काढायची, सहा डेसिबलपेक्षा जास्त ती मी आता कमी करत नाही. थोडी खरखर राहू दे, पण जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, हरवलेला तानपुरा नको.

दुसरी चूक वेगाची, आणि ही भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ७८च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या तबकड्या, विशेषतः सुरुवातीच्या काळातल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ला मुद्रित केलेली ७८वर फिरवली की सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो. पेटीच्या काळी एक पट्टीतला गायक तिच्या शेजारच्या, वरच्या पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, ताना पळतात आणि आपण म्हणतो, "काय बारीक आवाज होता!" कॅसेटचं उलटंही होतं. डेकचा पट्टा सैल पडला की सूर उतरतो. साथीची पेटी ऐका. तिचा सा आजच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध येत असेल, तर आधी वेगावर संशय घ्या.

१९२५पूर्वीच्या तबकड्या तर मायक्रोफोनशिवाय, भोंग्यात गाऊन झालेल्या. त्यांच्यात खर्ज, म्हणजे खालचे सूर, शोधायला बेस वाढवू नका, फक्त घरघर वाढते. तबल्याचा डग्गा घुमायला लागला, तर दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये एका मित्राने स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला होता. हातभर पुढे ओढला आणि डग्गा जागेवर आला. फोनमधला तो 'सराउंड'ही बंद करा, एका मायक्रोफोनवरचा आवाज खोलीभर पसरवून काय मिळणार?

"राग रंगायच्या आतच संपवला," असंही ऐकू येतं. अहो, तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची! त्यात बंदिशीचे दोन्ही भाग, अस्ताई आणि अंतरा, शिवाय ताना सगळं बसवलंय, हे कौतुकाचं की तक्रारीचं?

आणि ठाण्याच्या पावसाळ्यानंतर कॅसेट लावण्याआधी तिची खिडकी उजेडात धरा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट डेकमध्ये अजिबात घालू नका, हेडवर लागून पुढच्या कॅसेटनाही चिकटते. माझ्या चार कॅसेट त्यापायी अजून वेगळ्या डब्यात पडून आहेत.