हिवाळ्यातली वायनरी आणि मी वाटत सुटलेली आमंत्रणं

वायनरीत नवीन लागणाऱ्याला तोडणीबद्दल सगळे सांगतात. झोप मिळत नाही, हात जांभळे होतात, कंबर धरते. हिवाळ्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण तेव्हा बघायला कुणी फिरकतच नाही. मी कामाला लागले ती पानगळ झाल्यावर. माझी सगळ्यात मोठी चूक मी त्याच शांत महिन्यांत करून ठेवली आणि ती कळायला पुढची तोडणी उजाडावी लागली.

आधी छाटणी. थंड प्रदेशात वेल झोपलेला असताना गेल्या हंगामातली ८० ते ९० टक्के वाढ कापून टाकतात. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या कायम फांदीवर, काडीचा खुंट ठेवायचा आणि खुंटावर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. सांगायला एवढंच, पण पहिले पंधरा दिवस प्रत्येक वेलीपुढे उभं राहून घाम फुटतो, तोही थंडीत. घाबरू नका, चुकीची काडी सगळ्यांकडून जाते आणि वेल बहुतेक वेळा सांभाळून घेतो. बॅटरीची कात्री मात्र पहिल्या हिवाळ्यात हातात घेऊ नका. बोटाला धोका आहेच, पण माझं कारण वेगळं आहे. हाताच्या कात्रीने जुनं जाड लाकूड कापायला जोर लागतो, म्हणून ‘हे कापायलाच हवं का’ असा विचार होतो. बॅटरीवर तो होत नाही. आणि जुन्या लाकडावरच्या मोठ्या कापांतूनच खोड पोखरणाऱ्या बुरशा आत शिरतात, ओल्या हवेत तर हमखास. पाऊस असेल त्या दिवशी छाटणी सोडून पिंपं धुवा.

पिंपांचं थोडक्यात सांगते. २२५ लिटरच्या पिंपात ३०० बाटल्या मावतात आणि लाकडातून वाईन सारखी उडत असते, त्यामुळे दर एक-दोन आठवड्यांनी बूच काढून पिंप काठोकाठ भरावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलंत तर वर राहिलेली हवा वाईनचं व्हिनेगर करायला टपलेली असते. माझ्या दोन पिंपांतले बुडबुडे थंडीत थांबले तेव्हा मला वाटलं, मॅलोलॅक्टिक संपलं, म्हणजे जिवाणूंनी वाईनमधलं आंबट मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात बदलून झालं. जिवाणूंना रोखणारं गंधक घालायला निघाले होते. पिंपांचं सगळं काम बघणाऱ्या सेलरमास्टरांनी काही न बोलता तपासणीचा कागद पुढे ठेवला. त्यावर मॅलिक आम्लाचा ठिपका जागच्या जागी होता, म्हणजे ते आम्ल अजून शिल्लक होतं. जिवाणू थंडीने आखडले होते, एवढंच. तेव्हा गंधक घातलं असतं तर ते काम कायमचंच अडलं असतं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की तासभर बोलणाऱ्या गुरूपेक्षा कागद पुढे ठेवणारा गुरू शोधावा.

आता दानाचं. वर्ष संपत आलं की संस्थांची पत्रं यायला लागतात. शाळा, रुग्णालय, भटक्या जनावरांचा निवारा. लिलावासाठी काहीतरी द्या म्हणतात. वाईन आणि दानधर्म यांचं नातं तसं जुनं आहे. फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या बोन गावचं धर्मार्थ रुग्णालय १४४३ मध्ये सुरू झालं, पुढे लोकांनी त्याला द्राक्षमळे दान दिले आणि १८५९ पासून त्या मळ्यांतल्या वाईनचा लिलाव होत आला आहे. हल्ली तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो आणि तिथे नव्या वाईनची पिंपंच्या पिंपं विकली जातात. याच बरगंडीत संत व्हिन्सेंटच्या नावाने द्राक्ष उत्पादकांची परस्पर मदत मंडळं आहेत. कुणी आजारी पडला की बाकीचे जाऊन त्याच्या मळ्यातलं काम उरकतात. मला हे दान लिलावापेक्षा मोठं वाटतं.

आमच्या मालकीणबाईंनी ही पत्रं माझ्याकडे सोपवली. मी हिशेब मांडला. आमची सगळी मिळून दहा पिंपं, म्हणजे ३,००० बाटल्या. प्रत्येक संस्थेला सहा बाटल्या दिल्या तर २५ संस्थांतच अर्धं पिंप रिकामं. मग मला एक शक्कल सुचली, आणि इथेच मी फसले. बाटल्यांऐवजी भेट द्यायची! ‘सहा जणांसाठी वायनरी दर्शन आणि चवीची बैठक’ असं सुंदर पत्र छापायचं. फुकटात दान, संस्था खूश, वर आपली जाहिरात. मी एकोणीस पत्रं दिली.

त्या पत्रावर मी लिहिलं होतं, ‘आपल्या सोयीने कधीही या.’ मुदत नाही, वार नाही, आधी फोन करा असंही नाही. आणि वर फोटो कसला? घडांनी लगडलेल्या वेलीचा.

आता विचार करा, ते पत्र बोली लावून जिंकलेला माणूस काय करील? हिवाळ्यात तो येणार नाही, बघायला नुसती खोडं. पत्र खणात जाईल. मग कधीतरी ऊन छान पडेल, फोटोतली द्राक्षं आठवतील आणि तो पाच जणांना गाडीत घालून निघेल. म्हणजे बरोबर तोडणीत. एका शनिवारी तीन पत्रं एकदम आली. अठरा माणसं. पहाटे तोडलेली द्राक्षं क्रेटमध्ये तापत होती, प्रेस चालू होता, लाल वाईनच्या टाक्यांवर तरंगून आलेली सालं खाली दाबायची वेळ झाली होती. आणि पाहुण्यांना बघायची होती नेमकी आंबवण्याची खोली. एक लिटर रस आंबताना ५० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. दिसत नाही, पण श्वास कोंडतो. आणि त्या अठरांत दोन लहान मुलं होती. मी दारात आडवी उभी राहिले. लोक रागावले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. दान म्हणून पैसे मोजून ते आले होते.

वेळेचं दान फुकट नसतं, हे मला अठरा माणसं समोर उभी राहिल्यावर कळलं. बाटली दिली की विषय संपतो, पण भेट म्हणजे उधारी असते आणि ती फेडायचा दिवस समोरचा ठरवतो.

आता पत्रावर मुदत असते आणि ती तोडणीच्या दोन महिने आधी संपते. माणसं सहाच, प्रौढच, आधी वेळ घेऊनच. फोटो छाटलेल्या वेलीचा. वर्षाला अशी चारच पत्रं, बाकीच्यांना दीड लिटरची एक मोठी बाटली. लिलावात ती एकटीच भाव खाते. खपत नाही म्हणून उरलेला माल मात्र दानात ढकलू नका. तिथे पहिल्यांदा तुमची वाईन चाखणारा माणूस ती चव विसरत नाही. आणि बाटली दारूच आहे हे लक्षात ठेवा. संस्थेकडे लिलावाचा परवाना आहे का, साठ्याच्या वहीत ती बाटली कुठे लिहायची, करसल्लागाराचं म्हणणं काय, हे विचारल्याशिवाय ती फाटकाबाहेर जाता कामा नये.

नाही म्हणायला जड जातं, मला अजूनही जातं. मालकीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी त्या शनिवारी स्वतः पाहुण्यांना वेलींच्या रांगांतून फिरवलं आणि टाक्यांवरची सालं मी रात्री दाबली.

एकोणीसपैकी सतरा पत्रं परत आली. दोन अजून कुणाच्या तरी खणात आहेत. दर तोडणीला फाटकाशी गाडी थांबली की मी आधी माणसं मोजते.