घर ऑनलाइन बघताय? त्या भागातले गुन्हे असे तपासा

घरांच्या जाहिरातीत शाळा किती अंतरावर, मेट्रो किती मिनिटांवर हे सगळं असतं. आसपास घरफोड्या किती होतात, हे मात्र नसतं. ‘शांत, सुरक्षित परिसर’ हे विकणाऱ्याचे शब्द. महारेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, पोर्टलवर प्रकल्पाच्या मंजुऱ्या आणि कोर्टातले दावे दिसतात, पण परिसरातले गुन्हे तिथे नसतात. ती नोंद पोलिसांकडे असते आणि बरीचशी घरबसल्या पाहता येते. टोकन देण्याआधी एक संध्याकाळ त्यासाठी काढाच.

आधी तो पत्ता कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो, हे थेट ठाण्यात फोन करून पक्कं करा. पुण्यात तर हे जपूनच करावं लागतं. २०२४ मध्ये तिथे बाणेर, खराडी, वाघोली, आंबेगाव अशी सात नवी ठाणी झाली. बाणेरच्या फ्लॅटसाठी त्याआधीच्या नोंदी हव्या असतील तर चतुःशृंगी ठाणं निवडावं लागतं. नाहीतर तिथे पूर्वी काही घडलंच नाही, असा समज होईल.

मग महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ उघडा आणि तारखा, जिल्हा किंवा आयुक्तालय, ठाणं निवडा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात, म्हणून ही यादी पूर्ण समजू नका.

यादीत कलमं बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात ३०५ म्हणजे घरातली चोरी, ३०४ म्हणजे हिसकावून नेणं, ३३१(३) म्हणजे दिवसाची घरफोडी आणि ३३१(४) म्हणजे रात्रीची. त्याआधीच्या नोंदींत जुन्या भारतीय दंड संहितेतली चोरी-घरफोडीची कलमं ३८०, ४५४, ४५७ शोधा. एखादा एफआयआर उघडून घटनास्थळाचा रकाना वाचा. पोलीस ठाण्यापासून दिशा, अंतर आणि बीट (ठाण्याच्या हद्दीतला छोटा भाग) क्रमांक तिथे लिहिलेला असतो. ‘पश्चिमेस २ किमी’ वाचलं की नकाशावर बोट ठेवून तुमची गल्ली किती दूर आहे ते कळतं. मला सगळ्यात उपयोगी हाच रकाना वाटतो.

नुसता आकडा मोजू नका. हद्दीत मोठं स्टेशन किंवा बाजारपेठ असली की मोबाइलचोऱ्यांनी यादी फुगते. ऑनलाइन फसवणुकीचा परिसराशी काही संबंध नसतो. आणि कुणी ‘तिकडची वस्ती चांगली नाही’ म्हणालं तर काय घडलं, कधी घडलं, हे विचारा. पुष्कळदा उत्तरात गुन्हा नसतोच, असते ती फक्त जात, धर्म किंवा गरिबी. अशा बोलण्यावरून घर नाकारणं मला अन्यायाचं वाटतं.

यादीतून चित्र स्पष्ट झालं नाही तर माहिती अधिकारात ऑनलाइन अर्ज करा. शुल्क १० रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि उत्तराची मुदत ३० दिवस. ‘गेल्या तीन वर्षांत या ठाण्यात दाखल झालेल्या घरफोड्या व जबरी चोऱ्यांची बीटनिहाय, वर्षनिहाय संख्या द्यावी’ एवढं पुरे.

शेवटी एकदा रात्री साडेदहाला बसस्टॉपपासून गेटपर्यंत चालत जा. दिवे लागलेत का, दुकानं उघडी असतात का, ते बघा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या काकूंना विचारा, ‘गावाला जाताना घर नुसतं कुलूप लावून सोडता, की कुणाला झोपायला बोलावता?’