कॅराव्हॅन ट्रेलरचे टायर कसे निवडावेत आणि कसे बदलावेत

मोटारीमागे जोडून न्यायच्या कॅराव्हॅनचा टायर बहुधा झिजण्याआधी वयाने निकामी होतो, आणि टायर बदलण्याचा विचार करताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. टायरच्या रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर दबते आणि सुटते, तशी ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि रबराला तडे जाण्यापासून वाचवतात. उभ्या ट्रेलरच्या टायरला ही हालचालच मिळत नाही. गोव्यात तर ट्रेलर जूनपासून चवथीपर्यंत ताडपत्रीखाली ओल्या जमिनीवर उभा असतो आणि उरलेले महिने ऊन आणि खारा वारा सोसतो. वर्षाकाठी मोजक्याच सहली होत असल्याने पाच वर्षांनीही टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि मालक निश्चिंत राहतो. पुढे चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात, भरल्या वजनाने आणि तापल्या रस्त्यावर, तोच टायर पट्टा सोडतो, म्हणजे नक्षीचा थर खालच्या थरापासून सुटून येतो.

जुना टायर तपासताना

टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिचे शेवटचे चार अंक टायर कधी तयार झाला ते सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ही पूर्ण ओळ पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू आतल्या अंगाला बसवलेली असू शकते, म्हणून बाहेरून अंक दिसले नाहीत तर मोबाइल ट्रेलरखाली धरून छायाचित्र काढावे. शेवटी तीनच अंक असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. स्टेपनीची तारीखही अवश्य पाहावी, कारण न वापरलेली स्टेपनीसुद्धा इतर चाकांइतकीच म्हातारी होते.

कॅराव्हॅन वापरण्याची जुनी रीत असलेल्या ब्रिटनमध्ये पाच वर्षांनंतर टायर बदलावा आणि सात वर्षांपलीकडे तो मुळीच वापरू नये, असा सल्ला दिला जातो. आपल्याकडचे ऊन आणि समुद्राची हवा पाहता गोव्यात पाच वर्षे हीच शेवटची मर्यादा मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वय कमी असले तरी भिंतीवर किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक तडे, कुठे फुगवटा, किंवा दोरा दिसण्याइतका काप आढळल्यास तो टायर काढूनच टाकावा. फुगवट्याचा अर्थ आतील दोरे तुटले आहेत असा असतो आणि त्यावर कोणतीही दुरुस्ती चालत नाही. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी आणि खाचांमधल्या उंचवट्यांवरून ती कळते. टायर कुठे झिजला आहे हेही नीट पाहावे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली आहे, मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली गेली आहे. एकच कड झिजली असेल तर अ‍ॅक्सल वाकला किंवा तिरपा झाला असण्याचा संभव असतो आणि तो सरळ केल्याविना नवे टायर घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

आधी वजन, मग टायर

टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी वजनकाट्यावर जाणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे पाऊल आहे. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात आणि औद्योगिक वसाहतींच्या आसपास ट्रक तोलण्याचे काटे असतात. सहलीला निघताना असतो तसा ट्रेलर भरावा, म्हणजे पाण्याची टाकी, गॅसचा सिलिंडर, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण सगळे जागच्या जागी हवे. मोटारीला जोडलेल्या स्थितीत फक्त ट्रेलरची चाके काट्यावर घेऊन वजन करावे. त्यानंतर काट्याचा फलक आणि आजूबाजूची जमीन सपाट असेल तर एकाच बाजूची चाके फलकावर येतील अशी गाडी उभी करून डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे वजन घ्यावे.

एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचे उदाहरण घेऊ. त्याचे भरलेले वजन १४०० किलो असून त्यातील १४० किलो भार जोडणीतून मोटारीवर जात असेल, तर चाकांवर १२६० किलो येतात. निम्मे केले तर प्रत्येक चाकावर ६३० किलो, असा हिशेब कागदावर मांडता येतो. प्रत्यक्षात स्वयंपाकाचा ओटा आणि पाण्याची टाकी एकाच अंगाला असल्यामुळे एका चाकावर ६६० आणि दुसऱ्यावर ६०० किलो निघू शकतात. टायर जड बाजूसाठी निवडायचा आणि दोन्ही बाजूंना तोच घालायचा. शिवाय वर २० टक्के राखीव क्षमता ठेवावी, म्हणजे इथे ७९२ किलो सहज पेलणारा टायर हवा. जो टायर छापील मर्यादेच्या टोकावर चालतो तो जास्त तापतो, आणि ट्रेलरचा टायर फाटण्यामागे उष्णता हेच मुख्य कारण असते.

टायरवरचे आकडे वाचून निवड

टायरच्या मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा भारांक होय: ८८ म्हणजे ५६० किलो, ९४ म्हणजे ६७०, १०० म्हणजे ८००, १०२ म्हणजे ८५० आणि १०४ म्हणजे ९०० किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगते: ‘एल’ ताशी १२० किलोमीटर, ‘एम’ १३०, ‘एन’ १४०, ‘क्यू’ १६०. काही टायरांवर १०२/१०० असे दोन भारांक असतात. त्यातला पहिला एका बाजूला एकच चाक असताना आणि दुसरा जोडचाके असताना लागू होतो, म्हणून कॅराव्हॅनसाठी पहिलाच पाहायचा. वरच्या उदाहरणातील ट्रेलरला १८५ आर १४ सी या मापाचा (१८५ मिलिमीटर रुंद, रेडियल, १४ इंची रिमचा, ‘सी’ म्हणजे मालवाहू वाहनांचा) १०२/१०० भारांकाचा टायर व्यवस्थित पुरेल.

अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरांवर ‘एसटी’ या अक्षरांनी सुरू होणारे, केवळ ट्रेलरसाठी बनवलेले टायर असतात. त्यांच्या भिंती कडक असतात, कारण दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर आखूड वळण घेतो तेव्हा टायर आडवे घासले जातात. त्यांच्यावर भारांकाऐवजी किंवा भारांकाच्या जोडीने ‘लोड रेंज’ची अक्षरे असतात. या टायरांत सी म्हणजे कमाल ५० पीएसआय, डी म्हणजे ६५ आणि ई म्हणजे ८० असे साधारण गणित असते. वेगाचे अक्षर नसलेल्या एसटी टायरची मर्यादा ताशी १०५ किलोमीटर धरावी. आपल्याकडच्या दुकानांत हे टायर सहसा ठेवलेले नसतात, त्यामुळे पिकअप आणि व्हॅनसाठी मिळणारे, मापासोबत ‘सी’ (मालवाहू, हा लोड रेंजचा सी नव्हे) किंवा ‘एलटी’ (हलके ट्रक) लिहिलेले टायर हा व्यवहार्य पर्याय ठरतो. साध्या मोटारीचा टायर केवळ रिममध्ये बसतो म्हणून घालू नये. अमेरिकी मापांच्या पी मालिकेतील टायर ट्रेलरला लावताना त्याची छापील क्षमता १.१० ने भागून धरण्याचा नियम आहे आणि त्याच्या मऊ भिंतींमुळे ट्रेलर डोलतोही जास्त. रबर चढवलेला जुना टायर तर कोणत्याही भावाने घेऊ नये.

माप शक्यतो मूळचेच ठेवावे. मोठे घ्यायचे असेल तर चाकाच्या खोबणीत वर आणि बाजूला पुरेशी जागा आहे का, आणि दोन अ‍ॅक्सल असल्यास पुढच्या-मागच्या टायरांमधील अंतर किती उरते, हे मोजून मगच ठरवावे. रेडियल (आतील दोरे आडवे सरळ) आणि बायस (आतील दोरे तिरपे) टायर एकत्र घालू नयेत. रिमलाही भाराची आणि हवेच्या दाबाची स्वतःची मर्यादा असते आणि ती बहुधा रिमच्या आतल्या अंगाला कोरलेली असते, म्हणून जास्त क्षमतेचा टायर घेतला तरी रिम जेवढे पेलते तेवढेच आपल्या हाती येते. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच वापरायचा असतो, त्याहून जास्त हवा भरायची असेल तर धातूचा व्हॉल्व्ह मागावा. जुना व्हॉल्व्ह नव्या टायरसोबत कधीही ठेवू नये.

दुकानदाराने टायर समोर आणला की पैसे देण्याआधी तारखेचे अंक आणि आयएसआय चिन्ह पाहावे. सहा महिन्यांहून जुना टायर मी घेत नाही. ज्याचे आयुष्य वर्षांत मोजायचे आहे, त्याची सुरुवातीची दोन वर्षे दुकानाच्या माळ्यावर जाऊ देण्यात काहीच अर्थ नाही.

चाक काढणे आणि बसवणे

टायर रिमवर चढवण्याचे काम दुकानातील यंत्रावरच करून घ्यावे आणि चाके बॅलन्स करून घ्यावीत. चाक काढणे-बसवणे मात्र प्रत्येक मालकाला आले पाहिजे, कारण पंक्चर दुकानासमोर होत नाही.

कठीण, सपाट जागा निवडावी. ट्रेलर मोटारीला जोडलेलाच ठेवून दोघांचेही हँडब्रेक ओढावेत आणि विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढून-मागून अडण लावावी. त्यासाठी जांभ्या दगडाचा चिरा चालेल, परंतु ट्रेलर उचलून धरण्यासाठी जॅकखाली किंवा चेसिसखाली चिरा कधीही ठेवू नये. चिरा सच्छिद्र असतो आणि एका ठिकाणी भार आला की अचानक फुटतो. जॅकखाली जाड लाकडी फळी आणि चेसिसखाली लोखंडी स्टँड हवा.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करून घ्यावेत आणि मग जॅक लावावा. निर्मात्याने जॅकसाठी जागा नेमून दिली असेल तर तीच वापरावी. तशी नसल्यास अ‍ॅक्सल चेसिसला जिथे जोडलेला आहे, त्याच्या लगत मुख्य चेसिसला जॅक लावावा. अ‍ॅक्सलच्या नळीच्या मध्यभागी जॅक लावल्यास ती वाकू शकते आणि कोपऱ्यांतील टेकू ट्रेलर स्थिर ठेवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नव्हे. मोटारीसोबत आलेला जॅक ट्रेलरचे वजन पेलेलच असे नाही, हेही घरी असतानाच तपासून ठेवावे. उचललेल्या ट्रेलरखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये आणि आत कोणी बसलेले नसावे.

चाक निघाले की ते ज्या पृष्ठभागावर टेकते तो तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा. खाऱ्या हवेत तिथे गंजाचा थर हमखास साचतो आणि तो राहिला तर आवळलेले नट पुढे सैल पडतात. हब हाताने फिरवून बेअरिंगची घरघर ऐकावी, पाट्यांच्या स्प्रिंगचे बोल्ट पाहावेत. नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे टॉर्क पान्यावरचा (नट किती ताणाने आवळला ते मोजणाऱ्या पान्यावरचा) आकडा खोटा ठरतो आणि नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

नवे चाक बसवून नट प्रथम हाताने फिरवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत, चाक जमिनीवर टेकवावे आणि शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच द्यावा. आकडा ट्रेलरच्या पुस्तिकेतून घ्यावा. अर्धा इंच जाडीच्या स्टडसाठी तो सर्वसाधारणपणे १२० ते १६० न्यूटन-मीटर असतो. दुकानातील हवेच्या गनने नट कसून दिल्यावरही हाच पाना पुन्हा लावून पाहावा. नवे चाक बसवल्यावर नट पहिल्या प्रवासात किंचित बसतात, म्हणून १५, ४० आणि ८० किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा तपासावेत. म्हापशाहून काणकोणपर्यंतच्या एका फेरीत हे तिन्ही थांबे उरकतात.

हवा आणि पावसाळ्यातला मुक्काम

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजावी, म्हणजे ट्रेलर किमान तीन तास उभा असावा आणि टायरवर ऊन नसावे. एसटी टायरमध्ये भिंतीवर छापलेला कमाल थंड दाब ठेवण्याची पद्धत आहे. ‘सी’ आणि ‘एलटी’ टायरसाठी निर्मात्याच्या तक्त्यात आपल्या वजनापुढे जो दाब दिला असेल तो घ्यावा. ट्रेलरवरच्या पाटीतील आकडा मूळच्या टायरांचा असतो, तो बदललेल्या टायरांना लागू होत नाही. प्रवासात दाब वाढलेला दिसला तरी हवा काढू नये, ती वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. ट्रेलरचा टायर बसला तरी चालकाला ते पुष्कळदा उशिरापर्यंत कळत नाही, म्हणून दाब आणि तापमान दाखवणारे सेन्सर व्हॉल्व्हवर बसवून घ्यावेत. नव्या टायरांवर होणाऱ्या खर्चात हा खर्च मला सर्वांत सार्थ वाटतो.

जूनमध्ये ट्रेलर उभा करताना चाकांखाली फळ्या घालाव्यात, हवा पूर्ण भरावी आणि शक्य असल्यास स्टँडवर घेऊन टायरांवरचा भार काढावा. ते जमत नसेल तर महिन्यातून एकदा ट्रेलर थोडा ढकलून टायरचा टेकलेला भाग बदलावा. टायरांवर फिक्या रंगाची आवरणे घालावीत. चमक आणणारे पेट्रोलियमयुक्त द्रव लावू नयेत, कारण ते रबराला वाचवणारी रसायनेच धुऊन काढतात. काढलेले जुने टायर मागीलदारी टाकू नयेत, त्यांत साचणाऱ्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. ते जाळूही नयेत. वापरलेल्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी २०२२ पासून नियमाने उत्पादकांवर आहे, तेव्हा नवे टायर घेताना जुने दुकानदाराकडेच द्यावेत.