स्टाफची तब्येत सुधारायला निघालाय? मग या चुका टाळा

शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागलची फाइव्ह स्टार एमआयडीसी, कोल्हापूरकडच्या कारखान्यात मालकाच्या डोक्यात एकदा 'स्टाफ हेल्दी पाहिजे' शिरलं की पुढच्या महिन्यात काय होणार ते मी आता न बघता सांगतो. फ्लेक्स, योगाचा फोटो, शिबिर आणि केळी. एचआरच्या कामानं या पट्ट्यात फिरत असतो, त्यामुळं जरा तोंड सुटणार, सांभाळून घ्या.

रिपोर्ट ग्रुपवर टाकणं. हसू नका, हे खरंच होतं. एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, शिबिर झकास झालं, बीपी, शुगर, वजन सगळं, आणि संध्याकाळी एचआरच्या पोरानं अख्खी एक्सेल शीट शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, का तर प्रत्येकाला वेगळं पाठवायचा कंटाळा. फेटलिंगमधल्या (ओतलेला माल घासून साफ करतात तिथल्या) एका मामांची शुगर तीनशेच्या वर. दुसऱ्या दिवशी गेटपासनं 'आला साखर कारखाना' सुरू. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण सुपरवायझरनं त्यांना ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला, बोलवायचं बंद केलं, 'काय झालं तर माझ्या गळ्यात' म्हणून. आजार कळला आणि पगार घटला. पुढच्या शिबिराला निम्मी पाळी रजेवर, आणि आले त्यातल्या काहींनी एरवी विसरायची बीपीची गोळी नेमकी त्या दिवशी न चुकता घेतलेली!

मी काय करतो, तर रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात, आणि डॉक्टरांनी पाच मिनिटं बसवून समजावून सांगायचं. ऑफिसला फक्त आकडा, बीपी १४०/९० च्या वर किती जण, बास. नाव नाही, मालकानं मागितलं तरी नाही. शुगर जास्त निघाली तर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, ती टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आदल्या रात्री उपास करून तिला फसवता येत नाही. २१,००० पर्यंत पगारवाले ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, आहेत, मग त्यांच्या घरच्यांची नावं चढलीत का तेवढं तरी बघा की. पण नाही, फॉलोअपचा फोटो निघत नाही ना.

स्टेप चॅलेंज. पुण्याच्या आयटीवाल्यांचं बघून आणलेलं खूळ. दहा हजार पावलांचा आकडा मुळात १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पेडोमीटर विकायला काढलेला, डब्ल्यूएचओ नुसतं आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम म्हणतं. आणि मोल्डिंगवाला, म्हणजे वाळूचे साचे करणारा, पाळीभर उभा राहून ओझी उचलतोय, त्याला कसली पावलं मोजायला लावता? त्याला बसायला बाकडं द्या. एका ठिकाणी सँड प्लांटमधल्या पोरानं मोबाईल फडक्यात गुंडाळून वाळूच्या चाळणीला बांधला आणि चाळणी जिंकली. मला तर त्याचं कौतुकच वाटलं. चॅलेंज घ्यायचंच तर दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या अकाउंट्सवाल्यांचं घ्या.

'भरपूर पाणी प्या'चं पोस्टर. आणि कूलर कुठं, तर ऑफिसच्या पॅसेजमध्ये. पिण्याचं पाणी संडास-मुतारीपासून सहा मीटर लांब आणि त्यावर कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी, हे १९४८ च्या जुन्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. कोअर शॉपमधल्या (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथल्या) ताई दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण टॉयलेटची कडी तुटलेली. पोस्टरच्या पैशात कडी बसते.

तंबाखूला दंड. दंड लावला की मावा सुटत नाही, थुंकायची जागा तेवढी बदलते, कंपाउंडच्या मागं जाऊन बघा. सोडायचं मनावर घेतलेल्याला बाजूला घेऊन बोला, १८००-११-२३५६ ही सरकारी फुकट हेल्पलाइन आहे, तो नंबर ड्युटीवर असतानाच लावून द्या, घरी जाऊन कोणी लावत नाही. माणूस परत खाणार, परत सोडणार, ते धरूनच चला. महिन्यात 'तंबाखूमुक्त युनिट'चा बोर्ड लावायची घाई झालेल्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये मी स्वतः पुडी बघितलीय.

कॅन्टीनमध्ये एकदम सॅलड. कोल्हापुरात मिसळ बंद करून कोण निवडून आलंय? चहात साखर आधी घालू नका, बाजूला ठेवा, आणि एक थर्मास बिनसाखरेचा. रात्रपाळीत माणूस तीन-चार चहा पितो, तिथंच बराच फरक पडतो.

फळं वाटणं. वाटा, पण त्याला प्रोग्रॅम म्हणू नका.

रात्रपाळी सुटल्यावर सक्तीचा योगा. सकाळी सातला सूर्यनमस्कार, हजेरीसकट. रात्रभर भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस मग टू-व्हीलरवरनं हायवेनं घरी जातो, याचा कोणी विचार केला? झोपू द्या त्याला. सेशन ठेवायचंच असेल तर पाळीच्या आत, पगारी वेळेत ठेवा. अर्धा तास लाइन बंद राहील, राहू दे.