तुंबडी लावून घ्यायला निघण्यापूर्वी

कपिंग म्हणा, हिजामा म्हणा की आजीच्या भाषेत तुंबडी: कातडीवर कप चिकटवून ती आत ओढून घ्यायची, कधी बारीक चिरा देऊन रक्तही काढायचं. फसगत होते ती बहुधा घरातून निघण्याआधीच. म्हणून आदल्या दिवशी औषधांचा डबा उघडा. त्यात वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची ॲस्पिरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी दिसली, तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. गोळी परस्पर बंद करून जाणं तर त्याहून वाईट. अंगात रक्त कमी असेल, दिवस गेलेले असतील, तर तेही आधीच सांगा. पाठदुखीबरोबर पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर तुंबडी राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा.

कप लावायच्या जागेवरचे केस घरी रेझरने काढू नका. बारीक कापलेल्या कातडीवर कप लावत नाहीत. उपाशीपोटीही जाऊ नका, चक्कर येते. दोन तास आधी थोडं खा, पाणी प्या.

रक्त काढायचं असेल तर मात्र संकोच बाजूला ठेवा. ब्लेडचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, कप नवे हवेत, हातात ग्लोव्हज हवेत. ‘उकळून घेतलेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातूनही पसरतात. ‘किती वर्षं करता?’ यापेक्षा ‘वापरलेली ब्लेडं कुठे टाकता?’ हे विचारा. उत्तर देताना माणूस चाचरला, तर चप्पल घाला. कापसाचा बोळा पेटवून कप लावणार असतील तर केस घट्ट बांधा, ओढणी दूर ठेवा; भीती वाटत असेल तर पंपाने हवा ओढून लावायचे कप मागा. कप साधारण पाच ते दहा मिनिटं पुरतात. ‘अजून थोडा वेळ ठेवा’ असा आग्रह धरला की फोड येतात.

डाग किती गडद यावरून ‘किती घाण निघाली’ हे मोजू नका. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्याचा तो डाग, बाकी काही नाही. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर जगाने पाहिले ते हेच डाग. ते जायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात, तेव्हा घरात हळद-लग्न असेल तर तारीख बघून जा.

जुना, गडद रंगाचा, सैल सदरा घाला. आणि परतताना स्कूटर दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.