मैत्रिणीचा मोती रंगवताना

माझं पहिलं प्राण्याचं चित्र मैत्रिणीच्या कुत्र्याचं. तिच्या वाढदिवसाला तीन आठवडे होते, हाताशी जलरंग होते आणि तिच्या भावाकडून गुपचूप मिळवलेला एक फोटो होता. मोती काळाभोर लॅब्रॅडॉर. मी कानापासून सुरुवात केली आणि एकेक केस काढत खाली आले. चौथ्या रात्री चित्र भिंतीला टेकवून लांबून पाहिलं. कुत्रा देखणा होता, पण तो मोती नव्हता.

भेटीच्या चित्राची खरी परीक्षा इथेच होते. ते ज्याला द्यायचं, त्याने त्या जनावराला रोज अगदी जवळून पाहिलेलं असतं. रंगकामात थोडी कसर राहिली तर त्याला चालते, पण दोन डोळ्यांतलं अंतर काडीभर चुकलं तरी त्याला ते जाणवतं, मग कारण सांगता येवो न येवो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते, की निम्मी मेहनत रंगाला हात लावण्याआधी करा.

माझी पहिली चूक फोटोची होती. तो उभ्याने, वरून आणि फार जवळून काढलेला होता. फोन इतका जवळ नेला की पुढे असलेलं नाक फुगतं आणि कपाळ, कान लहान होतात. मी ते सगळं इमानेइतबारे कागदावर उतरवलं होतं. फोटो काढायचा तर प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, चार पावलं मागे सरका आणि झूम करा. खिडकीतून एका बाजूने उजेड येत असेल तर उत्तम. फ्लॅश नको. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत आत उजेड परत फेकणारा एक थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि त्यांचा खरा रंग कळतच नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधीकधी आरशासारखा उलटा साठवला जातो, तेही तपासा. एका मांजरीचा पांढरा पंजा मी असाच चुकीच्या बाजूला रंगवून बसले होते.

जनावर आता हयात नसेल तर आहेत त्या फोटोंवरच भागवावं लागतं. अशा वेळी सगळे फोटो समोर ठेवा, पण उजेड-सावली एकाच फोटोतून घ्या. तोंडावर डावीकडून ऊन आणि छातीवर उजवीकडून, असं झालं की चित्र ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

आणि घरच्यांना एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही याला कशावरून ओळखाल? मोतीच्या बाबतीत मी तो फार उशिरा विचारला. भाऊ लगेच म्हणाला, "ताई, त्याचा डावा कान कायम उलटा पडलेला असतो." फोटोत तो तसाच होता. फोटो बिघडलाय असं समजून मीच तो सरळ केला होता.

दुसऱ्यांदा मी फोटोवर आणि कागदावर चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीतलं तेवढंच रेखाटलं. मग दोन्ही उलटे धरून ताडून पाहिले. उलटं धरलं की आपण 'कुत्रा' बघत नाही, नुसते आकार बघतो, आणि चुका पटकन दिसतात. ट्रेस करून घेतलंत तरी त्यात लबाडी नाही.

केसांचा मोह मात्र आवरा. डोळे किलकिले करून फोटो पाहा, बारकावे पुसट होतात आणि गडद, मध्यम, उजळ असे तीनच पट्टे उरतात. आधी तेवढे रंगवा. केस कुठल्या दिशेने वळतात त्याचे पेन्सिलीने बारीक बाण काढून ठेवा. नाकाच्या वरून ते कपाळाकडे जातात, गालावरून मागे वळतात, छातीवर खाली उतरतात. सुटे केस फक्त कडेला आणि उजेड-सावली जिथे मिळते तिथे दाखवले की बाकीचे पाहणाऱ्याचा डोळा आपोआप भरून काढतो. काळ्या अंगासाठी नळीतला काळा एकटाच वापरू नका, तो सपाट दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळून खोल काळपट रंग मिळतो. पाठीवर उजेड पडलाय तिथे तो निळ्याकडे झुकवा, पोटाखाली तपकिरीकडे. पांढऱ्या प्राण्यात हेच उलटं: पांढरा म्हणजे कोरा कागद आणि रंगवायच्या त्या फक्त निळसर-करड्या सावल्या.

डोळ्यांना मी सगळ्यात जास्त वेळ देते. बुबुळ एका रंगात भरलं की ते बटण होतं. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडते, तिथे रंग गडद हवा. चमकेचा ठिपका वर डावीकडे असेल तर खाली उजवीकडे बुबुळ उजळतं. ते वळण साधलं की डोळा ओला दिसायला लागतो. ठिपक्यासाठी कागद कोरा सोडा, नाहीतर शेवटी पांढरा गुवाश, म्हणजे खालचं झाकणारा जाडसर जलरंग, लावा. मांजर असेल तर बाहुलीकडे नीट पाहा. भर उजेडात ती उभी रेघ होते, अंधारात गोल. उन्हात बसलेल्या मांजराला मोठी गोल बाहुली दिली तर ते भेदरलेलं वाटतं. मिशा सगळ्यात शेवटी, लांब केसांच्या बारीक ब्रशने, श्वास रोखून एका झटक्यात.

सामानाचं थोडक्यात. जलरंगांना ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घ्या, त्याहून पातळ कागद पाण्याने लवकर फुगतो. चुका झाकण्याची सोय हवी असेल तर ॲक्रिलिक बरं. तैलरंग वाळायला वेळ घेतात, तारीख जवळ असेल तर नकोच. पारंपरिक अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग उजेडाने उडतो, भिंतीवर लागणाऱ्या चित्रात तो टाळा. फ्रेम करताना काच चित्राला चिकटू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच.

दुसरं चित्र वाढदिवसाच्या आदल्या रात्री पूर्ण झालं. डावा कान उलटा, आतली गुलाबी कातडी दिसणारी. मैत्रीण वेष्टन सोडत होती, कागद वरून जेमतेम चार बोटं सरकला होता, कानाशिवाय काही दिसत नव्हतं, आणि ती म्हणाली, "मोती!"